पान काळे केले म्हणून दिवा विझत नाही

या ब्लॉगच्या तळाशी सुमारे तीन वर्षे एक ओळ होती : "हे पान मुद्दाम काळे ठेवले आहे, काळ्या पानाला वीज कमी लागते." ती मी कुठेतरी वाचली, मला पटली आणि पडताळून न पाहता मी ती लिहून टाकली. पांढऱ्या पानापेक्षा काळ्या पानातून प्रकाश कमी बाहेर पडतो हे डोळ्यांना दिसतेच. तेव्हा प्रकाश कमी म्हणजे वीजही कमी, इतके ते सरळ वाटले होते. गेल्या महिन्यात एका वाचकाने त्या ओळीचा उल्लेख करून मला दोनच शब्दांचे पत्र पाठवले : "कोणत्या पडद्यावर?" मी उत्तर लिहायला बसलो आणि दुसऱ्या वाक्यालाच अडलो. त्या दोन शब्दांपायी जे वाचले, जे मोजून पाहिले आणि जे गणित पुन्हा मांडले, ते इथे लिहितो आहे.

ही कल्पना लोकांच्या मनात रुजली ती २००७ मध्ये. त्या वर्षीच्या जानेवारीत मार्क ऑन्टकुश यांनी इकोआयर्न या आपल्या ब्लॉगवर असा हिशेब मांडला, की गूगलने आपले पांढरे पान काळे केले तर वर्षाला ७५० मेगावॅट-तास वीज वाचेल. आकडा डोळे दिपवणारा होता आणि त्यामागचे गणित कोणालाही पाठकोऱ्या कागदावर करता येण्यासारखे होते. पूर्ण पांढरे पान दाखवताना मॉनिटरला ७४ वॅट लागतात आणि पूर्ण काळे पान दाखवताना ५९ वॅट, म्हणजे फरक १५ वॅटचा. गूगलवर दिवसाला २० कोटी शोध होतात आणि प्रत्येक वेळी ते पान सुमारे १० सेकंद समोर राहते असे धरले, तर दिवसाचे २०० कोटी सेकंद, म्हणजे साडेपाच लाखांहून अधिक तास होतात. त्यांना १५ वॅटने गुणले की दिवसाला ८.३ मेगावॅट-तास आणि वर्षाला सुमारे ३,००० मेगावॅट-तास वीज निघते. जगातल्या मॉनिटरांपैकी पिक्चर ट्यूबचे, म्हणजे सीआरटी प्रकारचे मॉनिटर आता चतुर्थांशच उरले आहेत असे मानून त्यांनी या आकड्याचा चौथा हिस्सा घेतला आणि ते ७५० वर येऊन थांबले.

हा हिशेब पुन्हा करताना माझे लक्ष त्या शेवटच्या चौथ्या हिश्श्यापाशी थांबले. ज्याने ही कल्पना मांडली, त्याला "कोणत्या पडद्यावर?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी ठाऊक होता आणि त्याने त्याचे उत्तर गणितात धरलेही होते. पुढे ती गोष्ट या तोंडून त्या तोंडी जाताना अट तेवढी गळून पडली, आणि माझ्यासारख्यांच्या पानाच्या तळाशी नुसता निष्कर्ष येऊन बसला. दुसरे असे, की त्या अवाढव्य आकड्यातून २० कोटींचा गुणक काढून घेतला, तर एका शोधामागे उरतात ते १५ वॅट गुणिले १० सेकंद, म्हणजे १५० ज्यूल. दीड हजार वॅटची पाणी तापवण्याची किटली एवढी ऊर्जा एका सेकंदाच्या दहाव्या भागात घेते. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. परंतु तळे किती भरले हे सांगताना थेंब केवढा होता हेही सांगावे, एवढीच माझी अपेक्षा.

त्याच वर्षी ऑस्ट्रेलियातील हीप मीडिया या कंपनीने ब्लॅकल नावाचे शोधपान सुरू केले. काळ्या पानावर करड्या अक्षरांत गूगलचेच निकाल दाखवायचे आणि आजवर किती वॅट-तास वाचले याचा सतत वाढता आकडा पानावर ठेवायचा, असे त्याचे स्वरूप होते. ऑगस्ट २००७ मध्ये खुद्द गूगलने यावर आपले म्हणणे मांडले : मॉनिटरांच्या बाजारात तीन चतुर्थांश वाटा आता सपाट एलसीडी पडद्यांचा आहे आणि अशा पडद्यांवर काळे पान दाखवल्याने वीज वाचण्याऐवजी कदाचित थोडी जास्तच लागेल. तरीही २९ मार्च २००८ रोजी 'अर्थ अवर'च्या, म्हणजे तासभर दिवे बंद ठेवण्याच्या मोहिमेच्या निमित्ताने गूगलने स्वतःचे पान एका दिवसापुरते काळे केले. ती केवळ प्रतीकात्मक कृती असल्याचे कंपनीने स्पष्ट केले होते, पण प्रतीकाचे चित्र लोकांच्या लक्षात राहते आणि खुलासा राहत नाही. काळ्या पानाविषयीचा समज एवढा चिवट ठरला, त्यात अशा प्रसंगांचाही हातभार असावा असे मला वाटते.

आता खुद्द पडद्यांकडे वळू. पिक्चर ट्यूबच्या मॉनिटरमध्ये मागच्या बाजूला इलेक्ट्रॉन सोडणारी बंदूक असते, समोरच्या काचेच्या आतल्या बाजूला फॉस्फरचा लेप असतो आणि त्या दोहोंमध्ये हजारो व्होल्टचा दाब असतो. इलेक्ट्रॉनांचा झोत लेपावर आदळतो तिथे लेप उजळतो. पडद्यावरचा ठिपका काळा ठेवायचा असेल तर झोत त्या जागेपुरता जवळजवळ बंद केला जातो, म्हणजे तेवढ्या वेळापुरता त्या उच्च दाबातून प्रवाहच वाहत नाही. तिथे काळा रंग हा खरोखरच प्रकाशाचा, आणि म्हणून विजेचाही, अभाव होता. ७४ आणि ५९ वॅट हे आकडे त्यामुळे अगदी समजण्यासारखे आहेत. मात्र त्यांतही एक गोष्ट नजरेतून निसटू नये : पान पूर्ण काळे केल्यावरही ५९ वॅट लागतच होते. झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली फिरवणारी चुंबकीय वेटोळी, बंदूक तापती ठेवणारी तार, उच्च दाब निर्माण करणारे मंडल, हे सगळे पान कोणत्याही रंगाचे असले तरी चालूच असे.

एलसीडी पडद्याची रचना मुळातच उलटी आहे. तिथे प्रकाश निर्माण करणारा दिवा सगळ्यांत मागे असतो (पूर्वी तो पातळ फ्लुरोसंट नळीचा असे, आता एलईडींचा असतो) आणि तो पडद्याच्या संपूर्ण पृष्ठभागाला सतत प्रकाश पुरवत राहतो. त्याच्यापुढे दोन ध्रुवक पट्ट्या (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच पुढे सोडणाऱ्या) आणि त्यांच्यामध्ये लिक्विड क्रिस्टलचा थर असतो. प्रत्येक पिक्सेलपाशी, म्हणजे चित्राच्या प्रत्येक ठिपक्यापाशी, हा थर प्रकाशाची ध्रुवणदिशा कमीअधिक वळवतो आणि त्यानुसार मागचा प्रकाश पुढे येतो किंवा आतच अडतो. खोलीत दिवा लख्ख जळतो आहे आणि आपण खिडकीची झडप ओढून घेतली, तर रस्त्यावरून ती खिडकी काळी दिसेल, पण विजेच्या मीटरला त्याचा पत्ताही लागणार नाही. एलसीडीवरचे काळे पान म्हणजे ही ओढून घेतलेली झडप होय. खरे तर पांढरे पान दाखवतानाही दिव्याचा बहुतेक प्रकाश ध्रुवकांत आणि रंगीत गाळण्यांत शोषला जातो आणि पडद्याबाहेर त्याचा एक छोटासा अंशच पोहोचतो. काळे पान दाखवताना उरलेला तो अंशही आत जिरतो आणि त्याची उष्णता होते.

गूगलने २००७ मध्ये "कदाचित थोडी जास्तच" असे जे म्हटले, त्याचे कारण या झडपेच्या ठेवणीत आहे. त्या काळच्या स्वस्त मॉनिटरांत टीएन, म्हणजे ट्विस्टेड नेमॅटिक प्रकारचे पॅनेल सर्रास असे. त्यात विद्युतदाब दिला नाही तर झडप उघडी राहते आणि पिक्सेल पांढरा दिसतो. तो काळा करायचा तर दाब द्यावा लागतो. म्हणजे या पडद्यावर विश्रांतीची अवस्था पांढरी आहे आणि कष्टाची अवस्था काळी. आयपीएस आणि व्हीए प्रकारच्या पॅनेलांत हे उलट असते, दाब नसताना पिक्सेल काळा राहतो. दोन्हींकडे झडपा हलवायला लागणारी ही वीज मागच्या दिव्याच्या विजेपुढे नगण्य असते, त्यामुळे "काळ्या पानाने वीज जास्त जाते" हा उलटा प्रचारही काही मोठे सत्य सांगत नाही.

हे वाचून मी स्वस्थ बसू शकलो नाही. प्लग आणि भिंतीवरचे सॉकेट यांच्यामध्ये बसवायचा एक साधा वॅटमीटर माझ्याकडे होता. तो मी माझ्या एलसीडी मॉनिटरला लावला. मॉनिटर जसा होता तसाच ठेवून आधी पूर्ण पांढरे आणि नंतर पूर्ण काळे चित्र दाखवले, आणि हे आलटूनपालटून बऱ्याच वेळा केले. आकड्यात जो काही फरक होता तो शेवटच्या अंकाच्या चाळ्यात हरवून जाण्याइतका लहान होता. मीटरकडे बघून पडद्यावर काय आहे हे मला ओळखता आले नसते. त्यानंतर मी पडद्याच्या बटणांनी ब्राइटनेस पूर्णावरून निम्म्यावर आणला, आणि मीटरचा आकडा तत्क्षणी, कोणतीही शंका न ठेवता, खाली उतरला. पान पांढरेच होते. तीन वर्षे मी ज्या रंगाचे गोडवे गात होतो त्याने काही केले नव्हते, आणि ज्या बटणाला मॉनिटर आणल्यापासून हातही लावला नव्हता त्याने एका दमात काम केले होते. मॉनिटर दुकानात उठून दिसावा म्हणून तो बऱ्याचदा झगझगीत ब्राइटनेस लावूनच कारखान्यातून निघतो, आणि आपण तो तसाच वर्षानुवर्षे वापरतो.

एलसीडीला सरसकट निर्दोष ठरवण्यापूर्वी एक दुरुस्ती मात्र करायला हवी. काही लॅपटॉपांत पडद्यावरच्या चित्रानुसार मागचा दिवा मंद करण्याची सोय असते; चित्र गडद असेल तर दिवा उतरवायचा आणि झडपा थोड्या जास्त उघडायच्या, म्हणजे चित्र जवळपास तसेच दिसते आणि वीज वाचते. अलीकडच्या मिनी-एलईडी पडद्यांत मागचा दिवा शेकडो किंवा हजारो लहान विभागांत वाटलेला असतो आणि काळ्या भागामागचे विभाग स्वतंत्रपणे मंद होतात. अशा पडद्यांवर काळे पान काही प्रमाणात वीज वाचवू शकते. तरीही काळ्या पानावर पांढरी अक्षरे सगळीकडे विखुरलेली असतात, आणि अक्षर जिथे आहे तिथला अख्खा विभाग उजळावा लागतो. त्यामुळे रात्रीच्या आकाशाच्या चित्राला जेवढा लाभ होतो तेवढा मजकुराच्या पानाला होत नाही.

मग माझी ती ओळ निव्वळ खोटी होती का? तीही सुटका नाही, कारण गेल्या काही वर्षांत पडद्यांच्या दुनियेत चक्र पुन्हा फिरले आहे. १९८७ मध्ये ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थांच्या अतिशय पातळ थरांतून, कमी दाबावर, चांगला उजेड देणारा डायोड तयार केल्याचे प्रसिद्ध केले. त्याचा पुढचा अवतार म्हणजे आजचा ओएलईडी पडदा. यात मागे दिवा नाही. प्रत्येक पिक्सेल हाच स्वतः एक इवलासा दिवा आहे. काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत हे पडदे २०१० पासून आहेत, आयफोनमध्ये ते २०१७ च्या आयफोन टेनपासून आले, आणि आता लॅपटॉपांतही दिसू लागले आहेत. पिक्चर ट्यूबबरोबर जो युक्तिवाद मोडीत निघाला होता, तो अशा रीतीने खिशातल्या फोनमध्ये पुन्हा जिवंत झाला.

या दोन प्रकारच्या पडद्यांतला फरक दाखवणारे सर्वांत बोलके उदाहरण गूगलनेच नोव्हेंबर २०१८ मध्ये अँड्रॉइडच्या विकासकांसमोर ठेवले होते. गूगल मॅप्स नेहमीच्या रंगांत आणि रात्रीच्या रंगांत, पूर्ण ब्राइटनेसवर, आपल्या ओएलईडी पडद्याच्या पिक्सेल फोनवर आणि एलसीडी पडद्याच्या आयफोन ७ वर चालवून पाहिले, तेव्हा पिक्सेल फोनवर विजेचा प्रवाह ६३ टक्क्यांनी घटला आणि आयफोन ७ वर तो तसूभरही हलला नाही. नकाशा तोच आणि रंगांचा बदलही तोच होता, निराळी होती ती काचेमागची व्यवस्था. यूट्यूबच्या बाबतीत त्याच वेळी दिलेले आकडे असे होते, की डार्क मोडमुळे, म्हणजे गडद रंगसंगतीमुळे, पूर्ण ब्राइटनेसवर ४३ टक्के बचत होते, परंतु निम्म्या ब्राइटनेसवर ती सुमारे १५ टक्केच उरते.

४३ वरून १५ ही घसरण मला सुरुवातीला कळली नव्हती. पिक्सेल विझवले तर विझवले. ब्राइटनेस कितीही असला तरी बचतीचे प्रमाण तेच राहायला हवे, असे वाटत होते. मेख अशी आहे, की ही टक्केवारी एकूण विजेची असते. पडद्याने दिलेल्या उजेडाखेरीज प्रोसेसर, मोबाइल नेटवर्कशी बोलणारा रेडिओ, पडद्याचेच नियंत्रण करणारे मंडल असा एक ठरावीक खर्च चालूच असतो, आणि तो पानाच्या रंगाने बदलत नाही. पूर्ण ब्राइटनेसवर उजेडाचा वाटा मोठा असतो, म्हणून तो वाचवला की एकूण बिलात फरक दिसतो. ब्राइटनेस उतरवला की उजेडाचा वाटाच आक्रसतो, आणि आक्रसलेल्या वाट्यातून वाचवणार ते किती? शिवाय ब्राइटनेसची पट्टी निम्म्यावर आणली म्हणजे प्रत्यक्ष उजेड निम्माच होतो असेही नाही. पुष्कळ फोनांत तो निम्म्याहून बराच खाली येतो.

अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२१ मध्ये हे आणखी नेमकेपणाने मोजले. मॅप्स, न्यूज, यूट्यूब, कॅलेंडर, फोन आणि कॅलक्युलेटर अशी सहा सर्रास वापरली जाणारी ॲप घेऊन त्यांनी ओएलईडी पडद्याच्या फोनांवर दोन्ही रंगसंगती तपासल्या. पूर्ण ब्राइटनेसवर डार्क मोडने सरासरी ३९ ते ४७ टक्के वीज वाचली. परंतु ३० ते ५० टक्के ब्राइटनेसवर, म्हणजे घरात बसून आपोआप ठरणाऱ्या ब्राइटनेसवर पुष्कळांचे फोन ज्या पट्ट्यात असतात तिथे, ही बचत ३ ते ९ टक्क्यांवर आली. त्यांचे एक निरीक्षण तर मी कागदावर लिहून टेबलावर चिकटवले आहे : पिक्सेल ५ फोनवर न्यूज ॲप उजळ रंगांत २० टक्के ब्राइटनेसवर जेवढी वीज घेते, तेवढीच ते गडद रंगांत ५० टक्के ब्राइटनेसवर घेते. म्हणजे भर उन्हात फोन पूर्ण उजळून रस्ता शोधणाऱ्याला काळा नकाशा खरोखर उपयोगी आहे, आणि अंथरुणात पडून मंद पडद्यावर वाचणाऱ्याला तो विजेच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगी आहे. गंमत अशी, की बहुतेक माणसे डार्क मोड लावतात ती अंथरुणात, आणि उन्हात गडद पान धड दिसत नाही म्हणून काढून टाकतात.

ओएलईडीच्या संदर्भात "पूर्ण काळेच हवे, गडद करडे चालणार नाही" असाही एक आग्रह अधूनमधून वाचायला मिळतो. त्याचे गणित मी करून पाहिले, आणि ते करड्याच्या बाजूने निघाले. पडद्याच्या रंगसंख्या ० ते २५५ अशा असल्या, तरी उजेड त्या संख्येच्या सरळ प्रमाणात वाढत नाही. वाढीची रेषा सुरुवातीला अगदी सपाट असते आणि पुढे उसळते. प्रमाणित एसआरजीबी सूत्राप्रमाणे १२८ हा मधला करडा पांढऱ्याच्या निम्मा नव्हे, तर सुमारे २१.६ टक्के उजेड देतो. गूगलने मटेरियल डिझाइन या आपल्या ॲपरचनेच्या नियमावलीत गडद रूपासाठी सुचवलेला करडा रंग १८ या संख्येचा आहे, आणि त्याचा उजेड पांढऱ्याच्या जेमतेम ०.६ टक्के भरतो. ठार काळ्याऐवजी हा करडा घेतल्याने विजेचा जो तोटा होतो तो मोजायला माझा वॅटमीटर तर अपुरा आहेच. उलट अक्षरांचा रंग शुभ्र पांढऱ्याऐवजी थोडा मळकट घेतला तर त्याच सूत्राने बरेच काही वाचते, कारण गडद पानावर जो काही उजेड आहे तो मुख्यतः अक्षरांचाच असतो. रंगांतही भेद आहे : प्रत्येक पिक्सेलमध्ये लाल, हिरवा आणि निळा असे उपपिक्सेल असतात, त्यांतला निळा हिरव्याच्या मानाने कमी कार्यक्षम असतो, त्यामुळे "डोळ्यांना शांत" म्हणून निवडलेली भडक निळी पार्श्वभूमी ओएलईडीला वाटते तितकी स्वस्त पडत नाही.

याच्या दुसऱ्या बाजूची चर्चा फार कमी होते. काळ्या पानावर जो पडदा सर्वाधिक वाचवतो, तोच पांढऱ्या पानावर सर्वाधिक खर्च करतो. पूर्ण पांढरे पान दाखवणारा ओएलईडी पडदा तेवढ्याच आकाराच्या आणि तेवढ्याच उजळ एलसीडीपेक्षा सहसा जास्त वीज घेतो; ओएलईडी टीव्हींत तर पडद्याचा मोठा भाग पांढरा झाला की आपोआप उजेड कमी करणारी व्यवस्था बसवलेली असते. पांढऱ्या पानांवर दिवसभर काम करणाऱ्याने वीज वाचावी म्हणून ओएलईडी मॉनिटर घेतला, तर त्याचा हिशेब उलटा पडण्याची शक्यता अधिक. अशा वेळी गडद पान ही बचत नसून, पडद्याच्या निवडीने वाढवून घेतलेल्या खर्चातली सूट ठरते.

आतापर्यंत मी माणसाला या गणितात धरलेच नव्हते. बीबीसीच्या संशोधन विभागाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात लोकांना तेच वेबपान उजळ आणि गडद अशा दोन्ही रूपांत दाखवले आणि स्वतःला सोयीचे वाटेल तेवढा ब्राइटनेस लावायला सांगितला. त्यांच्यापैकी ८० टक्के लोकांनी गडद पानासाठी ब्राइटनेस वाढवला. प्रयोगातला पडदा मागून दिवा असलेल्या लॅपटॉपचा होता, म्हणजे काळ्या रंगाने जिथे काहीच वाचत नाही तिथे वाढवलेल्या ब्राइटनेसने वीज जास्तच गेली. हे वाचल्यावर मी माझी स्वतःची सवय तपासली, आणि मला ओशाळल्यासारखे झाले. लॅपटॉपवर माझ्या काळ्या ब्लॉगचा मजकूर तपासताना मी दर वेळी ब्राइटनेस दोन पायऱ्या चढवत होतो, आणि काम संपल्यावर तो खाली आणायचे विसरत होतो. त्याचे कारण फारसे गूढ नाही. पांढऱ्या पानासमोर बाहुली आकुंचन पावते आणि बारीक अक्षर रेखीव दिसते. काळ्या पानासमोर बाहुली विस्फारते, अक्षरांच्या कडा थोड्या पसरतात आणि माणूस नकळत उजेड वाढवून त्याची भरपाई करतो.

थोडे विषयाला लागूनच सांगतो. पांढरे पान ही संगणकाची मूळ अवस्था नव्हे. जुन्या टर्मिनलांवर काळ्या पडद्यावर हिरवी किंवा पिवळसर अक्षरे उमटत. कागदासारखे पांढरे पान आणि त्यावर काळी अक्षरे ही मांडणी झेरॉक्सच्या १९७३ मधील आल्टो या संगणकात होती, आणि १९८४ च्या मॅकिन्टॉशने ती घरोघरी नेली. त्या बदलामागे कागदाची नक्कल होती. विजेचा विचार कोणी केला नव्हता. मराठीत निरर्थक लिहिण्याला "कागद काळे करणे" म्हणतात, आणि मी तर शब्दशः पान काळे करून त्याखाली निराधार ओळ लिहिली होती, म्हणजे त्या वाक्प्रचाराचे दोन्ही अर्थ एकाच वेळी सार्थ केले होते.

विजेची काळजी ज्यांना खरोखर वाहायची होती, त्यांनी रंगापेक्षा वेगळ्याच जागी हात घातला. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ मध्ये एनर्जी स्टार ही योजना सुरू केली तेव्हा तिच्या पहिल्या उत्पादनांत संगणक आणि मॉनिटर होते, आणि भर होता तो वापर नसताना यंत्राने आपोआप झोपी जाण्यावर. पुढच्याच वर्षी मॉनिटरला झोपवण्याची डीपीएमएस ही प्रमाणित पद्धत आली. झोपलेला मॉनिटर एखाद्या वॅटच्या आसपास किंवा त्याहूनही कमी वीज घेतो. जागा असलेला मॉनिटर, मग तो काळा असो की पांढरा, त्याच्या कित्येक पट. काळ्या पडद्यावर रंगीत नळ्या फिरवणारा स्क्रीनसेव्हर हाही झोपेचा प्रकार नव्हे. त्याचा जन्म एकच चित्र फॉस्फरवर कायमचे उमटू नये म्हणून झाला होता, आणि एलसीडीवर तो दिवा पूर्ण जळत ठेवून प्रोसेसरलाही कामाला लावतो. चहाला उठताना मॉनिटर बंद करणारा माणूस वर्षभर काळी पाने वाचणाऱ्यापेक्षा अधिक वाचवतो, हे सांगायला मोठ्या गणिताची गरज नाही.

शेवटी मी ब्लॉगच्या तळाची ती ओळ काढून टाकली. पानाचा रंग मात्र आता मी ठरवत नाही. वाचकाने आपल्या फोनमध्ये किंवा संगणकात उजळ किंवा गडद यांपैकी जे काही निवडले असेल ते ब्राउझर पानाला कळवतो, आणि त्याप्रमाणे रंग बदलण्याची सोय सफारी, फायरफॉक्स आणि क्रोम या तिन्ही ब्राउझरांत २०१९ पासून आहे. ती वापरायला मला सात-आठ ओळींचे काम पडले. गडद रूपात पार्श्वभूमी त्या १८ च्या करड्याची आहे आणि अक्षरे किंचित मळकट आहेत. काचेमागे काय आहे हे मला इथे बसून कळत नाही, वाचकाला ते कळू शकते.

त्या वाचकाला मी हे सगळे लांबलचक उत्तर पाठवले आणि खाली विचारले, की तुम्ही स्वतः हा ब्लॉग कोणत्या पडद्यावर वाचता? त्यांचे उत्तर पुन्हा दोनच शब्दांचे आले : "ई-इंकच्या रीडरवर." त्या पडद्यात काळे आणि पांढरे विद्युतभारित कण असतात, पान बदलताना दाब देऊन ते वरखाली हलवले जातात आणि नंतर वीज नसतानाही जागच्या जागी राहतात. पान उलटेपर्यंत ते काळे असो की पांढरे, पडद्याला लागणारी वीज शून्य असते.